वर्षातून दोनदा रद्द होणारे नाणे

कापडाच्या गादीवर आमची उमर गेली. नाण्याला दोन बाजू असतात, एवढेच आम्ही जाणत होतो. पण इ.स. ११३० च्या सुमारापासून जर्मनीच्या सॅक्सनी, थुरिंगिया वगैरे भागांतील शहरांत चांदीचे जे नाणे चालले, त्याला छाप एकाच बाजूचा होता. पत्रा इतका पातळ की मिठाईवरचा वर्ख आठवावा. वजन बहुधा ग्रॅमभरसुद्धा नाही. चामड्यासारख्या मऊ वस्तूवर पत्रा ठेवायचा आणि वरून ठसा ठोकायचा. पुढे चित्र उठते, मागे त्याचाच खळगा. आज याला ब्रॅक्टिएट म्हणतात. त्या काळचे लोक साधे फेनिगच म्हणत. ब्राउनश्वाइगच्या नाण्यावरचा सिंह पाहिला तर कारीगराच्या हाताला दाद द्यावीशी वाटते.

हे नाणे हातात वाकायचे, तुटायचे. पण ते टिकावे अशी फारशी गरजही नव्हती. टाकसाळ ज्याच्या ताब्यात, तो राजा असो, ड्यूक असो की बिशप, ठरावीक मुदतीने जुने नाणे रद्द करी. मॅग्डेबर्गचा आर्चबिशप विखमन (११५२ ते ११९२) याच्या काळात तर वर्षातून दोनदा! बदलीचा भाव बारा जुन्यांना नऊ नवे. म्हणजे सोळा फेनिग गाठीला बांधून ठेवणाऱ्याच्या हाती पहिल्या बदलीनंतर बारा आणि दुसऱ्या बदलीनंतर नऊ उरत. आपल्याकडे २०१६ साली नोटा रद्द झाल्या, रांगांत आपणही उभे राहिलो. पण बँकेत पाचशेचे पाचशेच जमा झाले. तिथे हा बट्टा म्हणजेच कर होता.

शिवाय नाणे आपल्याच बाजारात चाले. एरफुर्ट शहर निळ्या रंगाच्या व्यापारावर मोठे झाले होते. तिथे रंग घ्यायला येणाऱ्या परगावच्या माणसाला आधी सराफाकडे बट्टा भरावा लागे, मग सौदा.

काही अर्थपंडित या पद्धतीची तारीफ करतात. पैसा दाबून ठेवण्यात तोटा, म्हणून तो फिरत राहिला आणि शहरे भरभराटीला आली, असे ते म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. बडा व्यापारी चांदीची लगड तोलून व्यवहार करी किंवा माल भरून ठेवी. त्याला झळ कमी. ज्याची मजुरी फेनिगमध्ये आणि शिल्लकही फेनिगमध्ये, त्या विणकराने काय भरून ठेवावे?

अखेर शहरांनीच मार्ग काढला. मिठावर श्रीमंत झालेल्या ल्यूनेबर्गने १२९३ मध्ये ड्यूकला एकरकमी मोबदला देऊन टाकसाळीचा हक्क सोडवून घेतला. १३२२ मध्ये हानोव्हरनेही तेच केले. न बदलणाऱ्या या नाण्याला लोक ‘कायमचा फेनिग’ म्हणू लागले. तिकडे १३०० मध्ये बोहेमियाच्या राजाने प्रागचा जाड, दोन्ही बाजूंनी छापलेला ग्रोशेन काढला आणि मोठ्या सौद्यांत त्याचीच चलती झाली. एकतर्फी पातळ नाणे मात्र सुट्या पैशापुरते पुढेही बरीच वर्षे राहिले.