होस्टेलच्या खोलीसाठी पहिल्या दिवशी काय न्यावे, काय नेऊ नये?

अणदूर : येथील खंडोबा वर्षातील काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला मुक्कामी असतो. त्यामुळे दोन मुक्काम सांभाळणे गावाला नवे नाही. बारावीनंतर अनेक घरांतील मुलामुलींचाही दुसरा मुक्काम पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या होस्टेलवर पडतो. प्रवेशाची यादी लागली की सोलापूरच्या बाजारात गादी, बादली, ट्रंक, किटलीची खरेदी सुरू होते. मात्र यातले बरेच सामान पहिल्या दिवशी लागत नाही आणि त्याच पैशांची गरज पुढच्या दोन-तीन महिन्यांत पडते.

खरेदी कधी करावी?

अभियांत्रिकी, फार्मसीचे प्रवेश 'कॅप' फेऱ्यांतून होतात. पहिल्या फेरीत मिळालेले कॉलेज पुढच्या फेरीत बदलू शकते. शिवाय कॉलेज मिळाले म्हणजे होस्टेल मिळालेच असे नाही. त्याचा प्रवेश अनेक ठिकाणी वेगळा होतो. त्यामुळे खोली निश्चित झाल्यावरच खरेदी करावी. त्याआधी रेक्टरना फोन करून चार गोष्टी विचाराव्यात :

- कॉट, गादी, टेबल आणि कपाट मिळते का?
- कपाटाचे कुलूप स्वतःचे आणायचे का?
- मेसचे पैसे महिन्याला भरायचे की सहामाहीचे एकदम?
- कोणती विजेची उपकरणे चालतात?

सोबत काय न्यावे?

अणदूरहून एसटीने सोलापूर आणि तिथून रेल्वे, असा प्रवास असेल तर ओझे मोजूनच घ्यावे. रेल्वेत स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो, तर सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो सामान मोफत नेता येते. एक बॅग, एक सॅक आणि एक डब्याची पिशवी पुरेशी होते.

- एक चादर, एक पातळ पांघरूण, उशीचे अभ्रे
- दोन चांगली कुलपे आणि चाव्यांचा जादा जोड
- ताट, वाटी, तांब्या, पाण्याची बाटली
- कपडे वाळवायची दोरी, चिमटे, टॉर्च
- नेहमीची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- कडक भाकरी आणि शेंगाचटणी, घट्ट झाकणाच्या डब्यात. नाहीतर मुंग्या आधी पोहोचतात

बादली, मग, झाडू, पायपुसणे मुक्कामाच्या गावीच घ्यावे. कॉलेजचे पहिले आठवडे ऐन पावसाळ्यात येतात. धाराशिवकडच्या कोरड्या हवेत एका दिवसात वाळणारी जाड चादर मुंबई-कोकणात दोन-तीन दिवस ओलीच राहते. कापसाच्या गादीला ओल धरते, बुरशी येते. जाड अंथरूण दिवाळीच्या सुटीनंतर नेले तरी चालते. मुलींना आणि महिलांना मार्च २०२३पासून एसटीचे निम्मे तिकीट आहे, त्यामुळे राहिलेले सामान पुढच्या फेरीत नेणे फार महाग पडत नाही.

किटली, हीटर का नको?

साधा प्लग पॉइंट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यावर सुमारे १,३८० वॅटपर्यंतच भार चालतो. पाणी तापवायचा रॉड किंवा किटली बहुतेकदा १,५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढणारी. एकाच लाइनवर चार खोल्यांत किटल्या लागल्या तर २६ अँपिअर होतात. एमसीबी पडला तर नशीब; स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर आधी तापून वितळू शकते. म्हणूनच अनेक होस्टेलांत ही उपकरणे जप्त होतात. मोबाइल, लॅपटॉपपुरता आयएसआय खुणेचा बोर्ड न्यावा.

बॅगेत सर्वांत आधी काय?

कागदपत्रे. कॉलेज मूळ कागद जमा करून घेते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला पुन्हा तेच लागतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, जात आणि वैधता प्रमाणपत्र यांचे झेरॉक्स संच आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवावेत. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे गाव सोडण्यापूर्वीच तपासावे. महाडीबीटीची रक्कम अशाच खात्यात येते.

पैसे कुठे लागतात?

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. होस्टेल आणि मेसचा खर्च त्यात येत नाही.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये आहे : भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर खुल्या प्रवर्गातील अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

मात्र ही रक्कम प्रवेशाच्या दिवशी हातात नसते. अर्ज, छाननी झाल्यावर ती खात्यात येते. मेसचे पैसे, अनामत आणि पुस्तके त्याआधीच लागतात. नवी गादी, ट्रंक आणि किटलीवर जाणारे पैसे याच काळासाठी राखून ठेवलेले बरे.

खोलीत शिरल्यावर काय करावे?

भिंतीची ओल, खिडकीची कडी, पंखा, प्लग, कपाट यांचे फोटो काढून रेक्टरना पाठवावेत. वर्षअखेरीस अनामत परत घेताना ते कामी येतात. अनामतीची पावती घरी पाठवून द्यावी. रॅगिंगचा त्रास झाल्यास यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. हा क्रमांक मुलांच्याच नव्हे, आई-वडिलांच्याही फोनमध्ये असावा.