वाकलेल्या कंबरेलाही ओळंबा लावा

घरातल्या दादी ओट्याला, भिंतीला हात टेकत चालू लागल्या की आपण सहज म्हणून जातो, "आता वय झालं त्यांचं!" त्यांचे ब्लडप्रेशर आपण मोजतो, साखर मोजतो, पण कंबर किती वाकली हे कुणी मोजत नाही. खरे तर तीही मोजता येते. कणा पुढे झुकत गेला की चुलीपाशी उभे राहणे, बाजारातून पिशवी आणणे, नमाजीत कयाम करणे, एकेक गोष्ट हातातून सुटत जाते. म्हणून या मोजमापाची माहिती आपल्याला हवी.

समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये कणा डावी-उजवीकडे किती वळला ते दिसते. अमेरिकेतील डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये हा कोन मोजण्याची पद्धत मांडली. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. पण मोठ्या वयात माणसाला जास्त जेरीस आणते ते बहुधा पुढे झुकणे, आणि ते बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंबा सोडून पाहतो. डॉक्टरही बाजूने काढलेल्या एक्स-रेवर तसेच करतात. मानेच्या सातव्या, म्हणजे सर्वांत खालच्या मणक्यापासून सरळ खाली रेघ सोडतात. कंबरेच्या शेवटी जे त्रिकोणी हाड असते, त्याच्या वरच्या मागील कोपऱ्याच्या आसपास ती यायला हवी. ती ५ सेंटिमीटरहून अधिक पुढे पडली तर शरीराचा तोल पुढे गेला असे समजतात.

इथेच एक फसगत होते. तोल जाऊ नये म्हणून शरीर स्वतःच उपाय करते. आधी कमरेखालचे हाड, म्हणजे श्रोणी, मागे कलते. तेवढ्याने भागले नाही तर गुडघे वाकतात. रेघ जागेवर दिसते, पण ती तिथे ठेवण्यासाठी मांड्या आणि पाठीचे स्नायू दिवसभर राबत असतात. सकाळी ताठ चालणाऱ्या दादी संध्याकाळी वाकलेल्या का दिसतात, त्याचे एक कारण हेच. म्हणून श्रोणी किती कलली आणि गुडघे किती वाकले, हेही मोजावे लागते. नुसत्या कमरेचा फोटो त्यासाठी पुरत नाही. एमआरआय नसांवरील दाब उत्तम दाखवतो, पण तो सहसा झोपवून काढतात. उभे राहिल्यावरचा तोल त्यात दिसत नाही.

म्हणून डोक्यापासून पायांपर्यंतचा, उभ्याने काढलेला एक्स-रे उपयोगी ठरतो. ईओएस नावाच्या यंत्रात समोरचे व बाजूचे चित्र एकाच वेळी, कमी किरणांत मिळते. ते ज्या शोधावर आधारले आहे, तो लावणारे जॉर्जेस शार्पाक यांना १९९२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. हे यंत्र नसेल तिथे लांब फिल्म काढतात. फोटोच्या वेळी मात्र "दादी, ताठ उभ्या राहा" असे बजावू नका. त्या रोज जशा उभ्या राहतात, तसेच चित्र डॉक्टरांना हवे असते.

घरी आपण एवढे करू शकतो: टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभे केल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का, ते पाहावे. उंची कमी झाली का, किती मिनिटे उभे राहिल्यावर टेकावे लागते, याची नोंद ठेवावी. किरकोळ पडण्यानंतर पाठीत एकाएकी जोराची कळ आली, पाय बधिर किंवा लुळे वाटले, लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबू नये.

आकडा मोठा आला म्हणजे ऑपरेशनच, असे नाही. व्यायाम, हाडांच्या ठिसूळपणावर औषध, आधाराची काठी यांनी अनेकांचे निभावते. ऑपरेशन मोठे असते आणि ते विचारपूर्वकच ठरवावे लागते. पण दादींना काय करता येत नाही, हे आधी त्यांनाच विचारू या. "वय झालं" म्हणून विषय संपवण्याआधी एकदा ओळंबा लावून पाहू या.