भीती दिसत नाही, अर्थ पोचत नाही

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने अचानक तुमचं नाव घेऊन "आता ते दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं, की काय होतं? पोटात गोळा येतो, घसा कोरडा पडतो, आणि घरी पाठ केलेलं पहिलं वाक्य नेमकं त्याच क्षणी पसार होतं. असं होत असेल तर स्वतःला भित्रा ठरवू नका. ताणाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत हमखास ताण निर्माण करायचा असतो, तेव्हा तेही हेच करतात: समोरच्याला भाषण करायला लावतात.

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात विकसित झालेली ही चाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर वापरली जाते. थोडा वेळ तयारीला मिळतो. मग अनोळखी परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं, की या नोकरीसाठी मीच कसा योग्य आहे. ते संपतं न संपतं तोच १०२२ मधून १३ वजा करत जायचं, तेही मोठ्याने. चुकलात, तर पुन्हा १०२२ पासून. परीक्षकांना ताकीद असते, की चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. एवढ्याने लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन ते चार पट वाढल्याचं मूळ प्रयोगांत दिसलं. म्हणजे भाषणाची धडधड ही शरीराची अगदी रीतसर प्रतिक्रिया आहे.

खरी अडचण पुढे सुरू होते. छाती धडधडते ती आपल्याला इतकी स्पष्ट जाणवते, की समोरच्या शंभर माणसांनाही ती ऐकू जात असणार असं वाटतं. त्या विचाराने आपण आणखी घाबरतो. केनेथ सावित्स्की आणि टॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं. वक्त्यांना स्वतःची भीती जेवढी दिसते आहे असं वाटत होतं, तेवढी ती श्रोत्यांना दिसतच नव्हती. मग त्यांनी वक्त्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला सांगितलं, की घाबरणं स्वाभाविक आहे, त्याची काळजी करू नका. तिसऱ्याला वस्तुस्थिती सांगितली: तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. तिसऱ्या गटाची भाषणं अधिक चांगली झाली, आणि हे मत श्रोत्यांचंही होतं. नुसत्या "घाबरू नकोस" ने फारसं काही साधलं नाही. पाठीवर थाप मारणाऱ्या काकांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

धडधड दाबण्याचा खटाटोपही फारसा कामाचा नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगात भाषणाआधी काही जणांनी मोठ्याने म्हटलं, "मी शांत आहे", तर काहींनी म्हटलं, "मला उत्साह वाटतोय". उत्साहवाल्यांचं बोलणं श्रोत्यांना जास्त पटलं. कारण सरळ आहे. भीतीत आणि उत्साहात हृदय सारखंच धावतं. त्या धावण्याला दुसरं नाव देणं सोपं, ते थांबवणं कठीण.

आता याची उलटी बाजू. भीती दिसते असं वाटतं आणि ती दिसत नाही. पण आपला मुद्दा कळला असं वाटतं, आणि तोही कळलेला नसतो. माझ्या मते सभाधीट माणसांचीही भाषणं फसतात ती इथेच.

घरी एक खेळ करून बघा. मनात गणपतीची आरती म्हणत तिचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुम्हाला अख्खी आरती टाळ-झांजांसह ऐकू येत असते. समोरच्याला फक्त टकटक. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी हा प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली.

ऑफिसात तुमच्या टीमची संक्षिप्त नावं दुसऱ्या विभागासाठी अशीच टकटक असतात. मंडळातही तेच. "वाड्यातल्या चौकात" म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे तुळशीवृंदावन उभं राहतं. इथे जन्मलेल्या मुलीला त्यातून काहीच दिसत नाही. तिच्यासाठी अर्धं वाक्य जास्त खर्च करा, की मधली मोकळी जागा, चारी बाजूंना बिऱ्हाडं. भाषणाआधी विषयाबाहेरच्या कुणाला तरी ते ऐकवा आणि "कळलं का?" असं विचारू नका, कारण "हो" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "मी काय म्हणालो ते सांग बरं" असं म्हणा.

जाता जाता एक ढोल फोडायला हवा. "बोलण्याचा परिणाम फक्त ७ टक्के शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के चेहऱ्याचा" हे वाक्य कार्यशाळांमध्ये फार ऐकू येतं. हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले, आणि ते सुटे शब्द आणि त्यामागची भावना यांपुरते होते. खुद्द मेहरेबियन यांनीही हे सूत्र भावनांपलीकडे लावू नका असं बजावलं आहे. तसं नसतं तर चिनी भाषेतलं व्याख्यान आपल्याला ९३ टक्के कळलं असतं!

वेगाची गोष्ट मात्र खरी. विषय आपल्याला पाठ असतो, म्हणून आपण पळतो. श्रोता पहिल्यांदाच ऐकत असतो. मायकेल फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधले नावाजलेले व्याख्याते. तिथली मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं १८२५ मध्ये सुरू झाली आणि त्यांतल्या १९ मालिका एकट्या फॅरेडेंनी दिल्या. पण त्यांनी वक्तृत्वाचे धडे पैसे मोजून घेतले होते, आणि व्याख्यानात ते भरधाव सुटले की त्यांचा सहायक त्यांच्यापुढे एक पाटी ठेवायचा. तिच्यावर एकच शब्द असे: "सावकाश".