कुम्हारीत घर घेताना : भिंतींआधी जमिनीची चौकशी

कुम्हारी (जि. दुर्ग, छत्तीसगड) : रायपूरहून भिलाईकडे निघाल्यावर खारून नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा सुरू होतो आणि पाठोपाठ कुम्हारी येते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे स्थानक, राष्ट्रीय महामार्ग ५३, एका बाजूला राजधानी आणि दुसऱ्या बाजूला पोलादनगरी. निवृत्तीनंतर हाती आलेल्या भविष्य निर्वाह निधीतून आणि उपदानातून स्वतःचे घर करू पाहणाऱ्यांना हे गाव मोहात पाडते ते यामुळेच. महामार्गालगतच्या धानाच्या शेतांमध्ये आखलेले चुन्याचे चौकोन, त्यांच्या मधून गेलेला मुरमाचा कच्चा रस्ता आणि टोकाला उभी केलेली कमान हे येथील नेहमीचे दृश्य आहे.

या चौकोनांतील काही भूखंड निर्दोष असतात, काही नसतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो पुढे, नकाशा मंजुरीसाठी नगरपालिकेत गेल्यावर किंवा कर्जासाठी बँकेची पायरी चढल्यावर. तोवर पैसे विक्रेत्याच्या हाती गेलेले असतात. म्हणून येथे घर किंवा भूखंड घेणाऱ्याने बांधकामाचा दर्जा, हवा-उजेड आणि बाजाराचे अंतर पाहण्याआधी त्या घराखालची जमीन कागदावर काय आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

मराठी खरेदीदाराला येथील कागद पूर्णपणे परके नाहीत. १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर या जिल्ह्यांची राजधानी नागपूर होती आणि त्याआधी या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पात १९५९ पासून उत्पादन सुरू झाले, तेव्हा विदर्भातून आलेली अनेक कुटुंबे येथेच स्थिरावली. मात्र सातबाराच्या सवयीने येथे व्यवहार करणारा गोंधळतो, कारण नावे बदलतात. तलाठ्याच्या जागी येथे पटवारी असतो. सातबाऱ्याचे काम दोन कागद मिळून करतात : बी-१, म्हणजे खातेदाराची खतौनी, आणि पी-२, म्हणजे खसरा. पहिल्यात मालक कोण व त्याच्या नावे कोणकोणते तुकडे आहेत हे कळते, दुसऱ्यात त्या विशिष्ट तुकड्याचे वर्णन असते. फेरफाराला नामांतरण म्हणतात, अकृषिक परवान्याला डायव्हर्शन आणि रेडी रेकनरला गाइडलाइन दर. नजूल हा शब्द मात्र नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही.

मोजमापातही सावध राहावे लागते. येथे गुंठ्याऐवजी डिसमिल चालते. एक डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. पाच डिसमिल म्हणजे २,१७८ चौरस फूट, अर्थात बरोबर दोन गुंठे. सरकारी अभिलेखात क्षेत्र हेक्टरमध्ये लिहिलेले असते, मध्यस्थ चौरस फुटात बोलतो आणि मूळ शेतकरी डिसमिलमध्ये. तिन्ही आकडे एकाच मापात आणून ताडून पाहिले नाहीत, तर रस्त्यासाठी सोडलेली जागाही भूखंडाच्या क्षेत्रात मोजलेली असल्याचे उशिरा लक्षात येते.

राज्य शासनाच्या ‘भुइयां’ या संकेतस्थळावर गाव आणि खसरा क्रमांक टाकून बी-१ व पी-२ पाहता येतात. विक्रेत्याने दिलेल्या छायाप्रतीवर विसंबण्यापेक्षा हे स्वतः करणे उत्तम. चार गोष्टी तेथेच कळू शकतात : मालकाचे नाव, सहखातेदार, जमिनीचा प्रकार आणि शेऱ्यातील नोंदी. सहखातेदारांची यादी लांबलचक असेल तर विक्रीपत्रावर त्या सर्वांच्या सह्या लागतील, हे गृहीत धरावे. एका भावाने संपूर्ण शेताचे भूखंड पाडून विकले आणि बहिणींना कोणी विचारलेच नाही, अशा व्यवहारांचा शेवट दिवाणी न्यायालयात होतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. ‘ती सासरी असते’ हे उत्तर कायद्याला पुरत नाही.

जमिनीच्या प्रकाराचा प्रश्न याहून अवघड. छत्तीसगडमध्ये १९५९ ची भू-राजस्व संहिता लागू आहे. तिच्यानुसार आदिवासी जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुम्हारी अनुसूचित क्षेत्रात नसले, तरी ही अट सुटत नाही. शासनाकडून पट्ट्याने मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरालाही अशीच परवानगी आवश्यक असते. कोटवाराला सेवेपोटी दिलेली जमीन, गोचर आणि तळ्याची जमीन यांच्या जवळपासही जाऊ नये. आजचा विक्रेता कोण आहे एवढे पाहून भागत नाही. त्याच्याकडे ही जमीन कोणाकडून आणि कशी आली, हे निदान तीस वर्षे मागे जाऊन पाहावे लागते, कारण मधला एखादा व्यवहार परवानगीविना झाला असेल तर त्यानंतरची सारी साखळी डळमळते.

शेतजमिनीवर घर बांधायचे तर आधी डायव्हर्शन हवे, आणि तेही निवासी प्रयोजनासाठी. एका तुकड्याचे डायव्हर्शन म्हणजे संपूर्ण वसाहतीला मंजुरी नव्हे. भूखंड पाडून विकणाऱ्याला नगर व ग्राम निवेश विभागाकडून अभिन्यासाची मंजुरी आणि स्थानिक संस्थेकडून विकासाची परवानगी घ्यावी लागते, शिवाय वसाहतकार म्हणून त्याची नोंद असावी लागते. हे सारे टाळून केलेल्या विक्रीला या भागात सरळ ‘अवैध प्लॉटिंग’ म्हणतात. शेताचे बारीक तुकडे करून विकण्याची ही वाट रोखण्यासाठीच पाच डिसमिलपेक्षा लहान शेतजमिनीच्या विक्रीवर राज्याने २०२५ मध्ये संहितेत दुरुस्ती करून निर्बंध आणले. त्यामुळे डायव्हर्शन न झालेल्या जमिनीत हजार-बाराशे चौरस फुटांचा भूखंड कोणी देऊ केला, तर तो कोणत्या आधारावर नोंदला जाणार, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

मध्यस्थांचे एक ठरलेले उत्तर असते : ‘पुढे नियमित होऊन जाईल.’ अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा छत्तीसगडमध्ये २००२ पासून आहे, हे खरे. पण नियमितीकरणासाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि एवढे करूनही मालकीतील दोष त्याने दूर होत नाही. तो खर्च आणि ती अनिश्चितता खरेदीदाराच्या वाट्याला येते, विक्रेत्याच्या नव्हे. भूखंड स्वस्त का आहे, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

प्रकल्पातील घर किंवा विकसित भूखंड घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजे रेराचा, आधार आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा सदनिका आठहून अधिक असतील तर नोंदणी सक्तीची असते, आणि ती भूखंडांच्या प्रकल्पांनाही लागू होते. छत्तीसगड रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाची तारीख पाहता येते. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधणीतील दोष आढळले तर ते विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकाची असते. जाहिरातीतील क्षेत्रापेक्षा करारातील चटई क्षेत्र वाचावे, कारण किंमत त्यावर ठरलेली असावी लागते.

जागेवर जाऊन पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कागदावर दिसत नाहीत. या परिसरात मुरमाच्या जुन्या खाणी आहेत. ९ एप्रिल २०२४ रोजी कुम्हारीजवळ कामगारांना घरी नेणारी बस अशाच एका खाणीच्या खड्ड्यात कोसळून किमान बारा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या खड्ड्यांची खोली साऱ्या देशाने पाहिली. भरून सपाट केलेल्या खड्ड्यावरील जमीन वरून ओळखू येत नाही. शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारावे, आणि शंका असल्यास मातीची तपासणी करून घ्यावी. नदीकाठचा सखल भाग श्रावणात पाहावा, मे महिन्यात नव्हे. महामार्गालगतच्या जमिनीबाबत रस्त्याच्या रुंदीकरणासाठी किंवा अन्य कामासाठी तो खसरा संपादनाच्या यादीत आहे का, हे महसूल कार्यालयात विचारून घ्यावे. आणि इसार देण्याआधी सीमांकन करून घ्यावे. पटवाऱ्याच्या नकाशातील रेषा व शेताचा बांध यांत अनेकदा अंतर असते.

व्यवहाराच्या पैशांबाबत कायदा कडक आहे. स्थावर मालमत्तेपोटी वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास तेवढाच दंड स्वीकारणाऱ्यावर बसू शकतो. किंमत पन्नास लाख रुपये किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून तो शासनाकडे भरायचा असतो. इसाराचा करार म्हणजे मालकी नव्हे, आणि मुखत्यारपत्र म्हणजेही नव्हे. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. जमीन कोठे गहाण आहे का, हे दुय्यम निबंधकाच्या नोंदींत नेहमी दिसतेच असे नाही, कारण मूळ कागदपत्रे बँकेत ठेवूनही कर्ज घेता येते. अशा बोज्यांची नोंद केंद्रीय नोंदणीत, म्हणजे सरसाईमध्ये, अल्प शुल्कात शोधता येते.

विक्रीपत्र नोंदले की काम संपले, असे मानण्याची प्रथा आहे. नोंदणीबरोबरच नामांतरण होण्याची व्यवस्था राज्याने २०२५ मध्ये आणली असली, तरी काही दिवसांनी नवा बी-१ काढून त्यावर आपले नाव आणि क्षेत्र अचूक आले आहे का, हे पाहून घ्यावे. महसुली नोंदीतील नाव हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, पण ते चुकले तर पुढच्या विक्रीत पहिला अडथळा तेच ठरते.

विकणाऱ्याचीही तयारी लागते. मुले पुण्याला वा परदेशी गेली, आता येथील घर विकून त्यांच्याकडे जावे, असा विचार करणारी वयस्क जोडपी या पट्ट्यात बरीच आहेत. घर भिलाई प्रकल्पाच्या वसाहतीत पट्ट्याने मिळालेले असेल, तर ते निर्वेध मालकीचे नसते आणि त्याचे हस्तांतर पट्ट्यातील अटींप्रमाणेच होते. कुम्हारीतील स्वतःच्या भूखंडावरचे घर त्यापेक्षा सोपे, पण त्याच्या मंजूर नकाशापेक्षा अधिक खोल्या चढवलेल्या असतील तर खरेदीदाराची बँक तेथेच थांबते. गृहकर्ज फिटलेले असल्यास बँकेचे ना-देय प्रमाणपत्र, मूळ कागद आणि सरसाईतील बोजा उतरल्याची नोंद या तिन्ही गोष्टी ग्राहक शोधण्याआधी हाती असाव्यात. घर दिवंगत पतीच्या नावे असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास पतीची आई हे सर्व वारस ठरतात. परदेशातील मुलाने मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते भारतीय वकिलातीसमोर करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. तो स्वतः सहमालक व अनिवासी असेल, तर त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला अधिक दराने कर कापावा लागतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधीच मिळवलेले बरे.

दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेले घर विकल्यावर नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफा कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून वीस टक्क्यांचा जुना पर्यायही पडताळता येतो. जे कमी ते भरायचे. वारसाने मिळालेल्या घरात मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते, आणि ते १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य धरण्याची मुभा आहे. नफ्याची रक्कम दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतवली तर सवलत मिळते. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ती खर्ची पडली नसेल, तर बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात पडून राहिलेल्या पैशांना ही सवलत मिळत नाही.