निळा पंप आणि कंटाळलेली पेशी

सोमेश्वरनगरला गळीत हंगाम सुरू झाला, पाचट पेटलं, की दमेकऱ्यांची छाती घरघरते आणि खिशातला निळा पंप बाहेर येतो. त्यातलं साल्ब्युटामॉल ॲड्रेनॅलिनची नक्कल करतं. श्वासनलिकेच्या स्नायूपेशीवरच्या बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटतं. आतलं जी-प्रोटीन जागं होतं, सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैलावतो.

पण पंप मारून रिसेप्टरची कडी सारखी वाजवली, की पेशी कंटाळते! एक एन्झाइम रिसेप्टरला फॉस्फेट लावतं, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन बसतं, निरोप थांबतो. मग रिसेप्टरच पेशीच्या पोटात ओढला जातो.

या रिसेप्टरांचं कामकाज उलगडणाऱ्या लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

निळा पंप वारंवार लागतोय? डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइडचा पंप श्वासनलिकेची सूज उतरवतो, शिवाय रिसेप्टरही वाढवतो.