छद्दन्ताचे रान

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धाचे अर्धवट राहिलेले चित्र आहे. घाटकोपर-मुलुंडहून आपली मंडळी रविवारी सहकुटुंब येतात, वंदना घेतात, डबे सोडतात; मान वर करून ते चित्र पाहणारे थोडेच. बौद्ध लेणी म्हणजे दगडाचेच काम, असा आपला समज झाला आहे. भिंती रंगवलेल्याही होत्या. त्या कशा, हे पाहायचे तर अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात जावे.

तेथे उजव्या भिंतीवर छद्दन्त जातक आहे, इसवी सनापूर्वीचे. वड, कमळांचे तळे, हत्तींचा कळप. आजच्या निसर्गचित्रासारखे दूरचे क्षितिज नाही. पाने आणि हत्तींच्या पाठी एकमेकांत अशा मिसळल्या आहेत की नजर एका जागी ठरत नाही, कळपाबरोबर चालू लागते. रंग मोजकेच, गेरू आणि पिवळ्या मातीचे. रेषा मात्र हत्ती जवळून पाहिलेल्या माणसाची.

कथा क्रूर आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाला दोन राण्या. त्याने शालवृक्ष हलवला, तर एकीवर फुले पडली, दुसरीवर वाळक्या काटक्या आणि मुंग्या. ती रुसून मेली, काशीची राणी झाली आणि तिने सुळे आणायला व्याध धाडला. व्याधाने काषाय वस्त्र पांघरून विषारी बाण मारला. ते वस्त्र पाहून हत्तीने सोंड आवरली. व्याधाला सुळे कापता येईनात, तेव्हा त्याने करवत स्वतः धरली.

पण चित्रकाराने भिंतीचा केवढा भाग नुसत्या रानाला दिला! हत्ती डुंबतात, सावलीत उभे राहतात. घाई कुठेच नाही. आम्हांला यातच चित्राचा अर्थ दिसतो. काय उद्ध्वस्त होणार आहे ते आधी डोळे भरून दाखवले आहे. पुढे रान संपते, राजवाडा येतो आणि सुळे पाहताच राणी कोसळते. तिलाही चित्रकाराने राक्षसीण केलेले नाही. तिच्या भोवतीच्या स्त्रिया तिला सावरताहेत.

पूर्वजन्माच्या कथेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आत्म्याचा पुनर्जन्म बाबासाहेबांनी नाकारला, तो आपणही मानत नाही. म्हणून भिंतीवरची करुणा खोटी ठरत नाही. हत्ती मागच्या जन्मी कोण होता, हे बाजूला ठेवूनही चित्र पुरते कळते.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने याच लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपले नाव कोरले. पुढे नावे कोरणाऱ्यांत आपले देशबांधवही मागे राहिले नाहीत. हत्तींच्या अंगावरही ओरखडे आहेत. वर जुन्या वार्निशचा पिवळेपणा. त्यामुळे पहिल्या नजरेत काहीच दिसत नाही आणि सहलीतली मुले लगेच पुढे पळतात. त्यांना थांबवावे. अंधाराला डोळे सरावू द्यावेत, आधी वड शोधावा. तो सापडला की हत्ती एकेक करून बाहेर येऊ लागतात.