बटण सोडायचं कधी, बॉस?

चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर करत कोरपन्याला मावशीकडे पोचले, तेव्हा बॅगेत मावसभावासाठी पुण्यातल्या तीन नोकऱ्यांच्या जाहिरातींचे प्रिंटआउट्स होते. पठ्ठ्या सिमेंट कारखान्यात शिफ्ट करतो. फोनवर आमचं बोलणं ‘कसं चाललंय?’ आणि ‘ठीक’ एवढंच. म्हटलं, समोरासमोर पटवू.

जेवण झाल्यावर त्यानं प्लेस्टेशन लावलं. गेम अर्थातच एनबीए टूके. मी शकील ओ’नील घेतला, कारण लहानपणापासून तेवढंच नाव पाठ! पहिल्याच मॅचमध्ये 26 पॉइंट्सनी वाट लागली.

‘‘काहून एवढी घाई करून राहिली, ताई?’’ तो हसला. ‘‘सगळ्यांचा टायमिंग सारखा नसते.’’

तर मंडळी, खरी ग्यानबाची मेख इथंच आहे. बटण दाबून धरायचं आणि योग्य क्षणी सोडायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो क्षण प्रत्येक खेळाडूचा वेगळा. त्यानं शिकवलेलं हे घ्या :

रे ॲलन : नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी. सरळ उडी, वर पोचला की बटण सोडा.

स्टेफन करी : 14 डिसेंबर 2021 ला यानं रे ॲलनचा 2,973 थ्री-पॉइंटर्सचा विक्रम मोडला. याचा हात भन्नाट वेगवान. उडीच्या टोकापर्यंत थांबलात की उशीर झालाच समजा.

डर्क नोवित्झकी : उंची सात फूट, त्यात एका पायावर मागं झुकून शॉट. बचाव करणाऱ्याचा हात पोचतच नाही. घाई नको, बास्केटकडे पाठ करून जागा मिळवा आणि मग मारा.

शकील ओ’नील : अख्ख्या करिअरमध्ये एकच थ्री-पॉइंटर, फ्री थ्रो फक्त 52.7 टक्के. लांबून मारणं विसरा. बास्केटखाली न्या आणि डंक करा. मी नेमकं उलटं करत होते!

आणखी थोडं. थ्री-पॉइंटर कोपऱ्यातून मारा. तिथं अंतर 22 फूट, समोरून 23 फूट 9 इंच. समोर हात आडवा असेल किंवा खेळाडू दमलेला असेल, तर पास द्या. टीव्हीवर ‘गेम मोड’ सुरू करा, म्हणजे बटण आणि चित्र यांतला उशीर कमी होतो. ऑनलाइन खेळताना नेटमुळे टायमिंग बदलतो, त्याचा सराव वेगळा. एकच खेळाडू घेऊन रोज 50 शॉट्स मारा. टीम नंतर.

चौथ्या मॅचला मी विषय काढलाच. स्क्रीनवरची नजर न हटवता तो म्हणाला, ‘‘माहीत आहे मला, तू कायले आली ते. पण बाबा गेल्यापासून आई एकटी आहे. पुणं पळून नाही चाललं, ताई. दोन वर्षं थांबू दे. तू मात्र येत जा.’’

एवढं सलग तो माझ्याशी कधी बोलला होता, आठवेना. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच येत होते, हेही तेव्हाच लक्षात आलं. प्रिंटआउट्स बॅगेतच राहिले.

ती मॅच मी चारच पॉइंट्सनी हरले. आता दिवाळीला परत जातेय, चार दिवसांची रजा टाकून. तोवर रे ॲलन, रोज 50 शॉट्स!